काकूंची पहिलटकरीण

आमच्या घरमालकीण काकूंचं ठाम मत होतं, की माणसाला होणारे सगळे आजार पाण्यानं होतात. घाण पाण्यानं नव्हे, नुसत्या पाण्यानं. सर्दी पाण्यानं, गुडघेदुखी पाण्यानं, केस पांढरे झाले तर तेही पाण्यानं. मी येडशीच्या एका खाजगी शाळेत शिकवायला लागले आणि स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्यांच्या घरात वरची खोली भाड्यानं घेतली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला जिन्यात उभं करून विचारलं, "दिवसाला किती पाणी पितीस?" मी म्हटलं, तहान लागेल तेवढं. मी दारू पिते असं सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तहान खोटी असती," त्या म्हणाल्या. "अंगाला सवय लावली की ते मागतच राहतं. लई लाडावतं अंग."

मी माकणीची, धरणाच्या कडेला वाढलेली. आमच्याकडं माणूस दारात आला की त्यानं तोंड उघडायच्या आत तांब्या पुढं येतो. काकूंकडं आलेल्याला चहा मिळे, खारे शेंगदाणे मिळत, त्यांची लहर असली तर गरम भजी मिळत, आणि पाहुणा बिचारा इकडंतिकडं बघत पाण्याची वाट पाहत बसे. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसानं एकदा सरळ पाणी मागितलं. "आधी घाम वाळू द्या," म्हणून काकूंनी त्याला पंख्याखाली बसवलं. घाम वाळल्यावर म्हणाल्या, "आता कशाला पायजे?" त्यानंतर तो माणूस आमच्या घराचे आकडे बहुतेक अंदाजानंच लिहीत असावा.

घरात पाणी नसतं तर मी हे समजून घेतलं असतं. आमच्या जिल्ह्यात पाणी जपून वापरणं हा काही वेडेपणा नाही. पण काकूंच्या बोअरला भर मेमध्येही पाणी असायचं. आजूबाजूच्या बायका घागरी घेऊन यायच्या आणि काकू कुणालाही नाही म्हणायच्या नाहीत. कपडे धुवा, झाडांना घाला, म्हशीला पाजा, न्या की. रामलिंगाच्या देवळाकडून माकडं यायची, त्यांच्यासाठी गच्चीवर घमेलं भरलेलं असायचं. जनावराचं अंग वेगळं, असं त्या म्हणायच्या. माणूस पाणी प्यायला लागला की मात्र त्यांचं तोंड उतरायचं. गिळताना हलणारा गळा त्यांना बघवत नसे. त्या चक्क मान फिरवायच्या.

त्यांचे यजमान रेल्वेत होते. घर त्यांनीच बांधलं. मी राहायला गेले तेव्हा ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुतखड्यानं आयुष्यभर कण्हत होते म्हणे. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलं, तेव्हा काकूंनी डॉक्टर बदलला. हे त्या मला स्वतःच, अभिमानानं सांगायच्या. ऐकताना आधी हसू यायचं आणि मग यायचं नाही.

माणूस वाईट नव्हतं, हेही सांगायला पाहिजे. मला तापानं घेरलं होतं तेव्हा माझी आई यायच्या आधी काकू माझ्या उशाशी होत्या. कपाळावर पट्ट्या ठेवल्या, तळपाय चोळले, लसूण घालून भात केला आणि घास भरवला. पाणी मात्र मागितलं की चमच्यानं चहा पाजायच्या. त्या खाली गेल्या की मी भिंतीला धरून न्हाणीत जायचे आणि नळाला तोंड लावायचे. आपल्यावर एवढी माया करणाऱ्या बाईची नजर चुकवून, चोरासारखं पाणी प्यायचं. त्या घरात राहणाऱ्याला ही चोरी शिकावीच लागायची.

काकूंचा खरा मान होता तो बाळंतपणांमुळं. बाळाला तेल लावणं, बाळंतिणीला शेक देणं, ओवा-शेपाची धुरी, डिंकाचे लाडू, सगळं त्यांच्या हातात होतं. "येडशीतल्या अर्ध्या पोरांची डोकी म्या गोल केलीत," असं त्या म्हणायच्या, आणि शाळेत माझ्या वर्गातली डोकी बघून मला ते खरंही वाटायचं. पण मी गेले तेव्हा त्यांना कुणी बोलावत नव्हतं. का, ते मला बरेच दिवस कळलं नाही. एका दुपारी शेवया करताना त्यांनी आपणहूनच सांगितलं.

त्यांना एकच लेक. ती लातूरला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती सातव्यातच येडशीला आली. बाळंतपण धाराशिवच्या दवाखान्यात नीट झालं. घरी आल्यावर काकूंनी तिला मागच्या खोलीत ठेवलं. खिडकीला पोतं, बाजेखाली निखाऱ्याची शेगडी, कानाला फडकं, आणि पाणी फक्त ओव्याचं, तेही घोटभर. वैशाख होता. बाळंतिणीला पाणी दिलं की तिचं पोट सुटतं, बाळाला सर्दी होते, दूध पातळ होतं, हे काकूंच्या आईनं त्यांना सांगितलं होतं आणि तिच्या आईनं तिला. आमच्याकडच्या जुन्या बायका अजूनही सांगतात. पण बाकीच्या सांगतात आणि सोडून देतात. काकूंनी खोलीला बाहेरून कडी लावली.

"बाळ सुकत गेलं," काकू म्हणाल्या. शेवयांवर चाललेला त्यांचा हात थांबला नव्हता. "दवाखान्यात नेलं तर म्हणले उशीर झाला. मग मला समजलं. ही आंघोळीला सोडली की न्हाणीत बादलीतलं पाणी पीत होती. चोरून. सांग आता, बाळ कसं वाचंल?"

मी म्हटलं, काकू, पाणी पिऊन कुणाचं बाळ जात नाही. त्यांनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "तुझं लगीन व्हायचंय अजून," म्हणाल्या.

लेक गेली ती पुन्हा त्या घरात आली नाही. काकूंच्या फोनवरून लावलेला फोन तिकडं एकदा वाजून बंद व्हायचा. तरी त्या रोज लावायच्या.

सशीण आली ती ईट गावाहून. काकूंच्या भाच्यानं तिथं शेतात सशांचं फार्म काढलं होतं. ससे भराभर वाढले, घ्यायला मात्र कुणी येईना. शेवटी त्यानं फार्म बंद केलं आणि पिंजरे रिकामे करायला ससे नातेवाइकांत वाटले. आत्याच्या वाट्याला एक पांढरी मादी आली. "गाभण हाय आत्या," जाताना तो म्हणाला. "पहिलटकरीण हाय. पेटी आन् वाळलेलं गवत ठेवा, ती तिचं तिचं करती. पिल्लांजवळ ती दिवसभर बसायची न्हाय, दिवसातनं एकदा-दोनदा येऊन पाजती आन् बाजूला होती. घाबरू नका. पिल्लाचं पोट गोल दिसलं की समजायचं, पोटभर पिलंय. बाकी काय बी करा, पाणी तेवढं हटू देऊ नका."

"ह्याचं फार्म बुडालं आन् ह्यो मला शिकवतोय," भाचा गेल्यावर काकू म्हणाल्या.

त्याच आठवड्यात त्यांना कुणाकडून तरी कळलं, की लातूरला लेकीला पुन्हा दिवस गेलेत. इतक्या वर्षांनी. बातमी कळली त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. संध्याकाळी त्या जिना चढून माझ्या खोलीत आल्या. गुडघ्यांमुळं त्या कधी वर येत नसत. पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या फोनवरनं फोटू जातात न्हवं?"

त्यांचा बेत असा होता. या सशिणीचं बाळंतपण त्या करणार. अगदी पद्धतशीर, काही कमी न ठेवता. मी रोज फोटो काढून लेकीला पाठवायचे. आईच्या हाताखाली पिल्लं कशी टुणटुणीत होतात ते तिनं बघावं आणि सातव्यात माहेरी यावं. त्यांना लेकीचा नंबर तोंडपाठ होता. एकेक आकडा सांगून त्यांनी तो माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला. मी नाही म्हणू शकले नाही. आजही कुणी तसं मागितलं तर म्हणू शकणार नाही.

शिमगा होऊन गेला होता, ऊन तापायला लागलं होतं. सशिणीनं छातीचे, पोटाचे केस उपटून पेटीत गादी केली, तेव्हा काकू खाली बसून कितीतरी वेळ बघत राहिल्या. "बघ पोरी," मला म्हणाल्या, "कुणी शिकवलं न्हाय तिला. आंगावरचं काढून लेकरांखाली घालती." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पहाटे ती व्याली. सहा पिल्लं, बोटाएवढी, बिनकेसांची, मिटलेल्या डोळ्यांची. कातडी इतकी पातळ, की दूध पिलेल्या पिल्लाच्या पोटात ते पांढरं दूध दिसायचं. पहिल्या दिवशी सगळ्यांची पोटं गोल होती. मी फोटो काढले आणि लातूरला पाठवले. मी कोण, कुठं राहते ते लिहिलं आणि खाली लिहिलं, आईनं पाठवायला सांगितलेत. तिनं बघितल्याचं फोनवर दिसलं. उत्तर आलं नाही. काकू म्हणाल्या, "बघितलं न्हवं? बास."

व्यायच्या आधी सशिणीपुढं पाण्याचं भांडं कायम भरलेलं असायचं. जनावराचं अंग वेगळं. पण व्याल्याबरोबर ती काकूंच्या लेखी जनावर राहिली नाही, बाळंतीण झाली. भांडं उचललं गेलं. हिरवा घासही बंद झाला, कारण तो ओला. तिची पेटी मागच्या खोलीत गेली. खिडकीला पोतं लागलं. पेटीशेजारी शेगडी आली, सकाळ-संध्याकाळ धुरी. खायला वाळलेला कडबा आणि तुपात परतलेली बाजरीची कणी. ओव्याचं पाणी चमच्यानं, चमचाही मोजूनमापून. एवढ्यावर भागलं नाही. त्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडून सशिणीचे कान बांधले. ते एवढाले कान डोक्याशी घट्ट बांधून ती कोपऱ्यात बसलेली बघून मला हसावं का रडावं कळेना. थोड्या वेळानं तिनं पट्टी कुरतडून काढली. काकूंनी दुसरी बांधली.

मी सांगून पाहिलं. भाच्याला फोन लावून दिला. तो तिकडून जीव तोडून सांगत होता, "आत्या, ती माणूस न्हाय. तिला पाणी लागतं." काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला. "माणूस न्हाय म्हणून काय बाळंतपणाचं सुख देऊ न्हाय का?" त्या म्हणाल्या. मला तेव्हा कळलं, की यांच्याशी वाद घालायला जागाच नाही. पाणी तोडणं हे त्यांच्या हिशेबी कठोरपण नव्हतंच. तो लाड होता.

मग पोटं सपाट झाली. नंतर त्यांच्यावर सुरकुत्या पडल्या. पिल्लं केसांच्या गादीतून बाहेर सरपटायला लागली, तोंडं इकडंतिकडं फिरवायला लागली. काकूंचं म्हणणं, ही पाजायला बसत नाही, आळशी आहे. त्यांनी तिला धरून पिल्लांवर बसवलं आणि मांडीनं दाबून ठेवलं. सशिणीचं अंग थरथरत होतं. "बस गं," काकू तिला हळू आवाजात समजावत होत्या. "बस माझी बाई. पहिल्यांदा असंच वाटतं. आई हाय न्हवं तुझ्याजवळ?" हे ऐकून मी खोलीबाहेर आले. ज्या बाईवर चिडायला मी आत गेले होते, ती कोणाशी बोलत होती ते मला समजलं होतं.

पाठवायचे म्हणून त्या दिवशीही फोटो पाठवले. दुपारी लातूरहून पहिलं उत्तर आलं. एकच ओळ. "तिला पाणी देतात का?"

काकू जेवून पडल्या होत्या. मी त्यांना उठवलं नाही. वाडगा भरून मागच्या खोलीत नेला आणि सशिणीपुढं ठेवला. तिनं वाडग्यात तोंड घातलं ते बाहेर काढलंच नाही. मी पुन्हा भरला. ती पुन्हा प्यायला लागली. मी लातूरला लिहिलं, "आत्ता मी दिलं. आधी काकू देत नव्हत्या." मला खोटं लिहिता आलं असतं आणि काकूंना तेच हवं असतं. पण समोर ती तशी पीत असताना मला ते जमलं नाही.

उठल्यावर काकूंना वाडगा आणि ओली जमीन दिसली. ओरडल्या नाहीत. वाडगा उचलून मोरीत पालथा केला, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला खोचली. संध्याकाळी माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पिल्लांची पाचवी होती. त्यांना पाटा मांडायचा होता, सटवाईची पूजा करायची होती. त्याची तयारी तेवढी चालू होती.

सकाळी त्यांनी हळद-कुंकवाचं ताट घेऊन कुलूप काढलं आणि मला हाक मारली. पेटीत दोन पिल्लं होती. बाकीच्या चार पिल्लांपैकी जे काही उरलं होतं ते मी इथं लिहीत नाही. सशीण कोपऱ्यात बसली होती. तिच्या तोंडाला रक्त होतं.

काकू ताट धरून तशाच उभ्या होत्या. मला वाटलं, आता तरी. आता यांच्या डोक्यात काहीतरी हलेल. मग त्या माझ्याकडं वळल्या. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "सांगितलं होतं न्हवं पोरी तुला," त्या म्हणाल्या. "पाणी पाजलंस आन् लेकरं गिळली तिनं."

भाचा दुपारपर्यंत ईटहून आला. सशीण आणि दोन पिल्लं त्यानं खोक्यात घातली. आधी तिला पाणी पाजलं, अंगणातच, सगळ्यांसमोर. "मादीला पाणी कमी पडलं की ती पिल्लं खाती, आत्या," तो म्हणाला. "पहिलटकरीण तर लवकर बिथरती. आमी फार्मवर बघितलंय."

"तुझ्याकडं तर पाणी हुतं," काकू म्हणाल्या. "मग तुझं फार्म का बुडालं?"

तो खोकं उचलून निघून गेला. काकूंशी वाद घालणारे सगळे शेवटी असेच निघून जात.

संध्याकाळी माझ्या फोनवर लातूरचा फोन आला. मी काकूंना खाली नेऊन दिला. त्यांना कमी ऐकू यायचं म्हणून आवाज मोठा करून ठेवला आणि मी उठायला लागले, तर त्यांनी माझा हात धरून ठेवला. इतक्या वर्षांनी लेकीचा आवाज.

"किती जगली?" लेकीनं विचारलं. आई अशी हाक मारली नाही.

"दोन हायत. त्यानं नेली ईटला." मग काकू घाईघाईनं म्हणाल्या, "ह्या पोरीनं पाणी पाजलं गं तिला. माझ्या माघारी. न्हायतर सगळी जगली असती."

लेक म्हणाली, "न्हाणीतल्या बादलीतलं पाणी पिले होते मी. माझ्या आंघोळीचं. त्यात तेल तरंगत होतं. तेवढंच मिळालं होतं मला, आई."

आई ही हाक ऐकल्याबरोबर काकूंचा चेहरा उजळला. मी पाहिलं ते. आपलं म्हणणं अखेर समोरच्यानं कबूल केलं की एखाद्याला होतं, तसं झालं. "तेच तर मी म्हणती," त्या म्हणाल्या. "तेच तर सांगत हुते सगळ्यांला. आता तरी ऐक माझं. सातव्यात ये. ह्या खेपेला म्या सोता बसते तुझ्यापाशी. न्हाणीत बी एकटी सोडत न्हाय."

फोन बंद झाला. काकू बराच वेळ तो कानाला लावून बसल्या होत्या. मला त्यांचा मनापासून राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. त्याच वेळी त्यांच्या हातातून आपला हात सोडवून घ्यावा असंही मला वाटलं नाही. या दोन्ही गोष्टी मला आजवर एकत्र बसवता आलेल्या नाहीत.

सातवा आला आणि गेला. काकूंनी मागची खोली सारवून ठेवली होती. लाडू केले ते एसटीनं पाठवले. तिकडून पोचल्याचं कळलं नाही.

शाळा सुरू झाल्यावर एक दिवस मधल्या सुट्टीत माझ्या फोनवर फोटो आला. खाली काही लिहिलं नव्हतं. लातूरचं घर, पलंग, उशीला टेकून बसलेली लेक. फिकट, पण हसणारी. मांडीवर कापडात गुंडाळलेलं बाळ, मूठ तोंडाशी. खिडकी सताड उघडी होती. मुलगा की मुलगी, हे मी फोन करून विचारलं, आणि तिनं सांगितलं. "आईला फोटो दाखवा," असंही ती म्हणाली. तिनं ते म्हणायची काही गरज नव्हती. तरी म्हणाली.

शाळा सुटल्यावर मी जवळजवळ पळतच घरी आले. काकूंनी हात पदराला पुसले, चष्मा लावला, फोन दोन्ही हातांत धरला. सशांचे फोटो बघताना बोटांनी चित्र मोठं करायला त्या शिकल्या होत्या. त्यांनी बाळाच्या तोंडावर बोटं ठेवली, चित्र मोठं केलं. मग बोट सरकवलं. बाळ बाजूला गेलं, लेकीचा खांदा गेला, उशी गेली. पलंगाशेजारच्या स्टुलावर स्टीलचा तांब्या होता आणि शेजारी पाण्याचा अर्धा पिलेला पेला. काकू तिथं थांबल्या. चित्र आणखी मोठं केलं.

"उशाला तांब्या भरून ठेवलाय सासूनं," त्या म्हणाल्या. "जीव घेणार माझ्या लेकीचा."

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि त्या चुलीकडं गेल्या. मुलगा झाला की मुलगी, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.